उलट्या पावलांची डुकरीण

आफ्रिकेच्या माळावर पहिला रस्ता पडायच्या आधीची गोष्ट. तिथं एक सुळेवाली डुकरीण तीन पिल्लांसह बिळात राहायची. दिवस मावळला की आधी पिल्लं आत जायची आणि मग ती शिरायची, पण पाठमोरी. पाठ आधी, तोंड शेवटी.

पाणवठ्यावर सगळे तिला हसत. तरस तर गडाबडा लोळायचा. "अहो वहिनी, आपल्याच घरात असं कुणी शिरतं होय? चांगल्या घरची बाई सरळ तोंडानं जाते. लाज आणलीत माळाला!"

पिल्लं रडकुंडीला आली. "आई, आजपासून सरळ जा ना गं. सगळे चिडवतात."

डुकरिणीला ते लागलंच. पण तिच्या मनात आलं, मी घरात कशी शिरते याची या मेल्याला एवढी काळजी कशाला? ती पिल्लांवर खेकसली, "हसणारे हसू देत. तुम्ही व्हा आत!"

आज ही लाजेनं सरळच शिरणार, असं धरून तरस झुडपाआड दबून बसला होता. पिल्लं आत गेली, पाठोपाठ डुकरीणही अंधारात दिसेनाशी झाली, ती कशी शिरली ते झुडपाआडून काही कळलं नाही, तसा तो धावत आला आणि त्यानं बिळात नाक खुपसलं. आत दोन सुळे वाटच बघत होते. नाक उभं फाटलं.

"या भावजी! दारात तोंड कशाला ठेवते, कळलं?"

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर डुकरीण येताना दिसली. तरस गपकन उठला आणि तिच्यावरची नजर न काढता मागं मागं सरकत निघाला.

धाकटं पिल्लू ओरडलं, "आई, भावजी बघ कसे चाललेत!"