झाकलेला माग

एकदा एक होत्या भागूआजी, पैठण्या विणणाऱ्या. होती त्यांची शिष्या मंजुळा, पंधरा वर्षांची. आणि होती मंजुळाची आई कौसल्या, लोकलाजेला फार जपणारी.

मंजुळानं पदरावर मोर विणला की आजी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत. पण कौसल्येच्या घरची रीत अशी, की पाळी आली की मुलीनं मागाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा बसायचं. मंजुळाही न्हाऊन बसे. पण तिचं रक्त जाणं तेव्हाही थांबलेलं नसे. आई पुन्हा मागावरून उठवील, या धास्तीनं ती कुणाला सांगत नसे.

एके सकाळी आडवा धागा ओवणारा धोटा तिच्या हातून निसटला आणि ती मागावरच कलंडली. आजींनी सावरून हळूच विचारलं, तेव्हा पोर रडत रडत सगळं बोलली.

आजी उठल्या. दिवाळीतही न थांबणाऱ्या मागावर त्यांनी चादर टाकली. दारात व्यापारी साडीसाठी खोळंबला होता.

"अहो आजी, लग्न तोंडावर आलंय! नवरीला काय ही चादर नेसवू?"

"दुकानात ढीग लागलाय तुमच्या, त्यातली नेसवा."

बोलावल्यावर कौसल्या धावत आली. "आजी, वाढत्या वयात होतं असं. बाईडॉक्टरकडे नेली तर लोक काय म्हणतील? उद्या स्थळं यायची हिला!"

आजी म्हणाल्या, "ताण्याचा एक धागा तुटला तरी मी माग थांबवते, कौसल्ये. ही तर जिती पोर. पाळी म्हणजे दुखणं नव्हे, विटाळ तर नव्हेच. पण तासा-दोन तासांत पॅड भिजतं, आठवडा उलटला तरी थांबत नाही, भोवळ येते, हे अंगावर काढायचं नसतं. पोटदुखीनं शाळा बुडाली, अंगावरून पांढरं जाताना वास आला, खाज सुटली, पंधरा वर्षं सरूनही पाळी आलीच नाही, तरी दाखवायचं. मोर दुसरंही कुणी विणेल. मंजुळा मला एकच आहे."

कौसल्या खाली मान घालून मंजुळाला दवाखान्यात घेऊन निघाली. डॉक्टरीणबाईंनी मायेनं विचारपूस केली, कपड्यांवरूनच पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. ते फार कमी झालं होतं. रक्तस्राव आवरायला औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढ्यालाच मायलेकी इतक्या भ्यायल्या होत्या!

मंजुळाच्या गालांवर पुन्हा रंग चढला. पुढं कौसल्येच्या ओसरीवर मंजुळाचा स्वतःचा माग लागला. आळीतली कुणी पोर वयात आली, की तिची आई तिला तिथं घेऊन येई. आणि कौसल्या ताठ मानेनं म्हणे, "बैस गं. लाजू नकोस. काय होतंय, मला सांग."