लखूची गाठ

फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी, कातळशेत गावात लखू घाग नावाचा माणूस होता. तरुणपणी तो आरमारात गेला. मोठी लढाई झाली आणि ती संपल्यावर पत्र्याची पेटी घेऊन तो परत आला. हुद्दा नाही, बिल्ला नाही. गावानं विचारलं, काय शिकून आलास? तेव्हा त्यानं आपली गाय बांधून दाखवली.

त्याची गाठ न्यारीच होती. गाईनं कितीही ओढ दिली तरी ती सुटत नसे. पण मोकळं टोक माणसानं ओढलं की एका झटक्यात दावं हातात येई. गाव पोट धरून हसलं. पुढं एका चोरानं तेच टोक ओढून लखूची गाय नेली, तेव्हा तर विचारायलाच नको!

शेजारचा रामा घवाळी देवळापुढं म्हणाला, "लखूदा, आता तरी निरगाठ मार."

"चोरानं नेली तर नेली," लखू म्हणाला. "जिती तरी ऱ्हाईल."

मग त्यानं सांगितलं. त्याचं जहाज बुडत होतं. कडेला बांधलेल्या होडीत त्याचे सोबती बसले होते, पण ओल्या दोराची गाठ आवळली होती, ती काही सुटेना. जहाजानं होडीलाही खाली नेलं. लखू पाण्यातून बघत होता.

लोक हळहळले. आणि घरी जाऊन पुन्हा निरगाठीच मारू लागले. माणसं अशीच असतात. लखू मरेपर्यंत सांगत राहिला, कुणी ऐकलं नाही, आणि ते दुःख उरात घेऊनच तो गेला.

तो गेला त्याच वैशाखात, भर दुपारी, डोंगरावरचा वणवा गावात उतरला. गोठे पेटले. जनावरं हिसडे देत होती, दावी ताणली होती. रामा आपल्या बैलांकडं धावला. कोयता शेतात राहिलेला. सकाळी स्वतःच आवळलेली निरगाठ आता कशी सुटणार? तरी त्यानं हात घातला, तर हाताला मोकळं टोक लागलं. ओढलं, आणि बैल सुटले. असं म्हणतात, त्या दुपारी गावातल्या एकूण एक दाव्याला ते टोक होतं. एक वासरूही जळालं नाही.

कुणी म्हणतं, लखू आपल्या बुडालेल्या सोबत्यांना घेऊन आला होता. मला विचाराल तर, त्याची बायको तानी रोज जेवणवेळेला घरोघरी ताक द्यायला जायची. रामानं तिला विचारलंही, "वैनी, तू केलंस काय?"

"मी कशाला लोकांच्या गोठ्यात शिरू?" तानी म्हणाली, आणि कामाला लागली. रामा मात्र तिच्या दारात बसून पोरासारखा रडला.

आजही कातळशेतात नवी सून आली की सासू तिला आधी ती गाठ शिकवते. आणि गावात कुणी वारलं, तर तिरडीच्या सुतळीलाही तीच गाठ मारतात. स्मशानात घरचं माणूस पुढं होतं, टोक ओढतं आणि म्हणतं, "लखूदा, सोडला रं."