भिंतीवरचा वाकलेला माणूस

एकदा एका मठात संगणक आला. त्याला आधी हळदकुंकू वाहिले आणि मग वीज जोडली, हे वेगळे सांगायला नकोच. मठातल्या जुन्या पोथ्यांचा हात लावताच भुगा होऊ लागला होता. त्यांतली अक्षरे वेळीच संगणकात उतरवली नाहीत, तर कायमची जाणार होती. वृद्ध गुरूंनी हे काम नीळकंठ नावाच्या तरुण शिष्याला सांगितले, कारण ती जुनी लिपी आता त्यालाच तेवढी वाचता येत होती.

नीळकंठाला खोली मिळाली ती दाजीशास्त्रींची. शास्त्रीबुवांनी तिथेच बसून जन्मभर पोथ्यांच्या नकला केल्या. अखेरीस त्यांची मान इतकी वाकली, की ते गेले तेव्हा चितेवरही त्यांना सरळ निजवता आले नाही. मठात ही गोष्ट दबक्या आवाजात सांगत.

ग्रंथापुढे मान ताठ ठेवायची नाही, अशी मठाची रीत. आता ग्रंथ पानांच्या छायाचित्रांतून पडद्यावर दिसणार, म्हणून नीळकंठाने पडदा बुटक्या चौरंगावर मांडला आणि त्यापुढे मांडी घालून, मान खाली घालून दिवसभर टंकन करू लागला. येणारेजाणारे म्हणत, "पोराची श्रद्धा बघा!"

एके दुपारी डावीकडच्या खिडकीतून ऊन आत आले आणि नीळकंठाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजव्या भिंतीवर कोणीतरी बसलेले दिसले. पाठीची कमान झालेली, हनुवटी छातीत रुतलेली आणि बोटे सारखी हलत असलेली. त्याने दचकून मान वर करून पाहिले. भिंतीवर त्याची स्वतःची सावली तेवढी होती. तो पुन्हा कामाला लागला आणि तो वाकलेला माणूसही परत आला.

मग हे रोजचेच झाले. सरळ पाहिले की तो नसे, काम सुरू केले की हजर. हळूहळू नीळकंठाची बोटे बधिर होऊ लागली, मान वळेना. भीतीने त्याची जेवणावरची वासना उडाली. शेवटी तो गुरूंपुढे जाऊन रडला.

"गुरुजी, शास्त्रीबुवा माझ्या मानगुटीवर बसलेत. अंगारा द्या, नाहीतर मला या कामातून मोकळं करा."

गुरू उठले. ते अडगळीत गेले आणि दाजीशास्त्रींची लेखण्या ठेवायची रिकामी लाकडी पेटी घेऊन नीळकंठासह त्याच्या खोलीत आले; खिडकीतून दुपारचे ऊन आत आलेच होते. मेलेल्या माणसाची वस्तू पाहून नीळकंठ भिंतीला टेकला. गुरूंनी एक मेज ओढले, त्यावर ती पेटी ठेवली, पेटीवर पडदा. शिष्याला पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवले, पाय जमिनीला टेकवले. पडदा हातभर लांब सरकवला, कळफलक कोपरांच्या उंचीला आणला. मग आपली काठी त्याच्या डोळ्यांपासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत आडवी धरली. काठी कुठे कलली नाही, तेव्हा म्हणाले, "आता लिही. आणि मान न वळवता भिंतीकडे बघ."

नीळकंठाने जीव मुठीत धरून तिरकी नजर टाकली. भिंतीवर एक तरुण सरळ बसून लिहीत होता.

"गेले शास्त्रीबुवा!" तो पुटपुटला.

"ते आलेच कुठे होते? तुझीच सावली ती."

"पण तो तर म्हातारा होता, गुरुजी."

"होता ना. तू म्हातारपणी जसा होणार होतास, तसा." गुरूंनी काठी खाली ठेवली. "शास्त्रीबुवांना चितेवर मी ठेवलंय, नीळकंठा. त्यांचीही लोक श्रद्धाच वाखाणत होते. अरे, ग्रंथाला नमस्कार करायचा तो काम सुरू करण्याआधी. दिवसभर नमस्कारातच बसलं, की माणसाचा दाजीशास्त्री होतो. मग उरलेल्या पोथ्या कोण वाचणार?"

नीळकंठाने डोळे पुसले, पडद्याला हात जोडले आणि काम सुरू केले. थोड्या वेळाने एक पुसट अक्षर लागेना, म्हणून तो नकळत पुढे झुकला. भिंतीवर काहीतरी वाकले. त्याने हळूच पाठ खुर्चीला टेकली, अक्षर मोठे करून घेतले आणि वाचले.

हे वाचताना तुमची मान कुठे आहे, ते जरा पाहा. भिंतीकडे नंतर पाहा.