आधी यजमानाचा घोट

खींवलाणी गावात पाहुण्याला पाणी मिळतं, पण यजमानाच्या नंतर. घरातली वडीलधारी बाई तांब्या आणते, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत आधी स्वतः ओंजळीनं घोट घेते आणि मग त्याच्यापुढे धरते. भर वाळवंटात तहानलेल्या पाहुण्याआधी पाणी पिणं म्हणजे केवढी आगळीक! आपल्याकडून गेलेली मंडळी हमखास चक्रावतात. मग म्हातारे वीरमजी काठी बाजूला ठेवतात आणि पेमीची गोष्ट काढतात. कुणी विचारायलाच हवं, असं काही नसतं.

पेमी म्हणे गावच्या टाक्याची राखणदार होती. टाकं म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा जमिनीतला हौद. त्याभोवतीचं अंगण ती असं लख्ख झाडायची की सांडलेली बाजरी वेचून खावी. ढग दिसला की झाकण काढायचा मानही तिचाच.

एका वैशाखात फौजेची माणसं आली. घराबाहेर या, मोकळ्यावर उभे राहा, म्हणाली. कशासाठी, ते सांगितलं नाही. दुपारी जमीन हेलकावली, घराघरातल्या उतरंडी कोसळल्या आणि क्षितिजावर एक तपकिरी ढग उठला. गावानं दोन वर्षं पाऊस, तिकडच्या बोलीत मेह, पाहिला नव्हता.

"मेह आला गं बायांनो, मेह आला!" पेमी धावत सुटली. तिनं झाकण काढलं, पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या आणि पदर पसरून उभी राहिली. पदरात नुसती धूळ पडली.

जमिनीच्या पोटात बाँब फोडून पाहिला होता, हे गावाला रेडिओनं सांगितलं. पुढे खरा पाऊसही आला, टाकं भरलं, सगळे पोटभर प्याले. मग गाई आंधळ्या होऊ लागल्या. माणसांच्या अंगावर गाठी आल्या. पेमीची सून हुरमा दोनदा बाळंत झाली, दोन्ही मुलं रडलीच नाहीत. झाकण मी काढलं, हे पेमीच्या मनातून जाईना. ती रात्रंदिवस स्वतःला बोल लावायची.

एकदा साहेब लोक कडकड वाजणारं यंत्र घेऊन आले. टाक्यात डोकावले आणि म्हणाले, "पाणी उत्तम आहे." पेमीला कोण आनंद झाला! तिनं तांब्या भरून पुढे केला. साहेबांनी तो कपाळाला लावला, खाली ठेवला, आणि गाडीत बसून आपल्या बाटलीतलं पाणी प्याले.

पेमी त्या तांब्याकडे बराच वेळ बघत राहिली, असं सांगतात. संध्याकाळी तिनं टाक्यावर शिळा ओढली. हुरमाला पुन्हा दिवस गेले होते. पेमी पाच कोसांवरच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. आणलं की आधी स्वतः प्यायची, सावली उंबऱ्याला टेकेपर्यंत बसून राहायची आणि मगच सुनेला द्यायची. नऊ महिने असे गेले. मुलगी झाली, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी रडली. पेमी मात्र दोन वर्षांत गळ्याच्या गाठीनं गेली.

"पण वीरमजी," पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "पाण्यातलं असलं विष एका घोटात थोडंच कळतं?"

"नाही कळत," वीरमजी म्हणतात. "ते पेमीलाही ठाऊक होतं. पण पाणी चांगलं आहे असं म्हणणारा स्वतः प्याला की नाही, ते कळतं."

एवढ्यात तांब्या घेऊन येते ती हंजा. तीच ती रडलेली मुलगी, आता केस पांढरे झालेली. पाणी हल्ली लांबून टँकरनं येतं, टाक्यावरची शिळा कुणी हलवलेली नाही. तरी आजही हंजा आधी घोट घेते, गिळते, पदरानं तोंड पुसते आणि तांब्या पुढे धरून उभी राहते. पाहुण्यांच्या पिशव्यांतून विकतच्या बाटल्या डोकावत असतात. हंजा त्यांच्याकडे बघत नाही, पाहुण्याच्या हाताकडे बघते.