शेवटच्या खेपेची होडी

ए, हातातलं राहू दे, आधी ऐक. काय झालं ते ऐकच! डोकं नुसतं तापलंय माझं.

एका खाडीच्या पलीकडे एक गाव होतं. छोटंसं. बाजार खाडीच्या अलीकडे, आणि ये-जा करायला एकच होडी, इनासभाऊची. नाताळला त्या गावात प्रत्येक घरावर एक तारा लागायचा. बांबूच्या कामट्यांचा, घरीच केलेला. बास. छान चाललं होतं की नाही?

मग एके वर्षी मोठ्या घरच्या बाईने बाजारातून तीन तारे आणले. शेजारणीने पाच. झालं, लागली शर्यत! घरातले कप धड असताना नवे कप. खिडक्या सहा, पडदे वीस. कशाला? तर तिच्याकडे आहेत म्हणून!

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आठ बायका बाजार करून परत निघाल्या. आठ बायका आणि ऐंशी बोचकी. होडी काठोकाठ.

तेवढ्यात धक्क्यावर रेमेत आली. त्याच गावची. नववा महिना भरलेला. नवरा मासेमारीला समुद्रात, म्हणून बिचारी स्वतःच अंडी विकायला आली होती, आणि बाजारातच कळा सुरू झाल्या. सुईण कुठे? पलीकडे, गावात.

"इनासभाऊ, मला घ्या हो. लवकर."

इनास म्हणाला, "बायांनो, ओहोटी लागलीय. ही उजेडातली शेवटची खेप. आता पाणी चढणार ते दिवेलागणीला. थोडं सामान उतरवा, उद्या आणून देतो."

कोणी हललं नाही.

"उद्या? उद्या नाताळ आहे ना रे! उद्या आणून काय त्याचं लोणचं घालू?"

"माझी काच आहे बाई, ती धक्क्यावर कशी ठेवू?"

"हिचं उतरव ना आधी, हिच्या सात पिशव्या आहेत!"

"माझंच का? तुझे पडदे काय सोन्याचे आहेत?"

आणि रेमेत खांब धरून उभी. ओठ चावत.

बसायच्या फळीवर कोण होतं माहितीये? मरियामातेची नवी मूर्ती! गोठ्याच्या देखाव्यात मांडायला आणलेली. गोधडीत गुंडाळून, दोन माणसांची जागा अडवून. इनासने तिला हात लावला तशी मोठ्या घरची बाई किंचाळली, "फुटेल ना मेल्या! आणि रेमेत, पहिलटकरीण ना तू? पहिल्याला वेळ लागतो गं. ये की संध्याकाळच्या खेपेने."

अरे! बाळंतपणाच्या वेळी मरियेला कोणी जागा दिली नाही, हे दर नाताळला गाऊन डोळे पुसतात ना हीच माणसं!

इनासही शेवटी गप्प बसला. रोज याच बायांशी गाठ, कशाला वाकडं घ्या? त्याचाही राग येतो मला. लोटली त्याने होडी.

मध्यावर आली आणि रुतली चिखलात. एवढं ओझं, त्यात पाणी भराभर उतरतंय. इनास ओरडला, "हलकी करा, नाहीतर अंधार पडेपर्यंत इथेच बसा!"

मग काय विचारतोस! तारे, कप, पडदे, सगळं धडाधड पाण्यात. मूर्तीसुद्धा! एका बाईसाठी एक पिशवी उतरली नाही, आणि स्वतःवर आलं तर अख्खा बाजार बुडवला. होडी सुटली, पण रेमेतकडे मागे फिरण्याएवढं पाणीच उरलं नव्हतं.

रेमेत धक्क्यावरच बाळंत झाली. धक्क्याजवळच्या मिठागरावर काम करणाऱ्या बायका धावत आल्या, लुगडी धरून आडोसा केला. मुलगी झाली. पण निळी पडलेली, रडेचना. एका म्हातारीने पाठ चोळचोळ चोळली, तेव्हा कुठे रडली. मग त्याच बायकांनी दोघींना आपल्या झोपडीत नेलं.

दोन दिवसांनी त्या आठजणी मिठागरावरच्या झोपडीत बाळ बघायला आल्या. हात रिकामे नव्हते बरं का. झबली, टोपरी, खुळखुळे. परत खरेदी!

रेमेत ओरडली नाही. घेतलंही काही नाही. फक्त एकेकीला विचारलं, "होडीत माझ्या जागी काय ठेवलं होतंस गं?"

पहिली म्हणाली, "कप... नाही, बशा असतील."

दुसरी म्हणाली, "काहीतरी टांगायचं होतं बाय. नक्की नाही आठवत."

तिसरीने शेजारणीकडे बघितलं, "तुला आठवतंय का गं, माझं काय होतं?"

मोठ्या घरच्या बाईला मात्र पक्कं आठवत होतं. ती हातातल्या टोपऱ्याची घडी घालत राहिली.

रेमेत म्हणाली, "जा आता. पोरगी झोपलीय."

त्या गावात ती परत गेलीच नाही. नवरा समुद्रावरून आला, तोही खाडीच्या अलीकडेच राहिला.

तात्पर्य म्हणशील तर एवढंच: जी वस्तू घेतल्याशिवाय सण होणार नाही असं वाटतं, ती दोन दिवसांत आठवतही नाही, पण तिच्यापायी ज्या माणसाला आपण काठावर सोडलं, तो माणूस जन्मभर आपल्याला विसरत नाही.

आणि नुसती मान हलवू नकोस. खरं सांग, त्या होडीत तुझ्या मांडीवर नवी कोरी पिशवी असती, तर तू काय केलं असतंस?