रखमाजी आणि गडाची चोरवाट

आजवर ज्यांनी ज्यांनी इतिहासाचे खेळ बनवले, त्यांनी शेतकऱ्याला नुसतं बांधावर उभं केलं. घोडेस्वार आला की त्यानं बाजूला सरकायचं, बस्स. निनादचा यावर भारी राग. इतिहासात एम.ए. झालेला हा पोरगा संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "माझा शेतकरी शिकवलेलं ऐकेल आणि आपल्या अकलेनं वागेल."

त्याच्या वरिष्ठ शर्वाणीताई म्हणाल्या, "शुक्रवारी पाहुणे खेळ बघायला येतायत. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तुझा शेतकरी खेळातून काढून टाकेन."

तर त्या खेळातल्या एका गावात रखमाजी नावाचा भोळा शेतकरी राहायला आला. नायकाला गडाची चोरवाट सांगायची, एवढंच त्याचं काम.

मंगळवारी गनीम आला. त्यानं वाट विचारली. रखमाजीनं सांगितली. वर ताक पाजलं.

निनादनं शिकवलं, "तलवार दिसली की तोंड उघडायचं नाही."

पडद्यावरून रखमाजी म्हणाला, "बरं मालक."

"मालक म्हणू नकोस. आपण सारखे आहोत."

"बरं मालक."

बुधवारी नायक आला. कमरेला तलवार. रखमाजी गप्प. नायकानं वाट विचारली, हात जोडले, शेवटी तलवार विहिरीत टाकली. रखमाजीनं लगेच वाट सांगितली. नायक मोकळ्या हातांनी गेला आणि पहिल्याच चौकीवर मेला.

निनाद म्हणाला, "हातातलं बघू नकोस रे. राम राम घालेल तो आपला. त्याला वाट सांग."

"बरं मालक."

गुरुवारी गावचा बाजार होता. भाजीवाल्यानं राम राम घातला. कासारानं घातला. न्हाव्यानं घातला. दुपारपर्यंत सगळा बाजार गडाच्या चोरदरवाज्यात उभा. मागं दोन म्हशी. नायकाला आत शिरायला जागा नाही.

निनाद चिडला. चिडला की तो भाषण करतो. "तू काय वाटाड्या म्हणून जन्मलास? तू शेतकरी आहेस. राजा असो की रंक, उभ्या पिकात पाय घालेल त्याला कोंडवाड्यात घाल."

कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं कोंडायची जागा. निनादनं ती पुस्तकात वाचली होती.

"बरं मालक."

शुक्रवारी पाहुणे आले. पडद्यावर तीनशे गनीम गडाकडे निघालेले. त्यांच्या आधी पोचून दरवाजा लावायचा, तर नायकाला सरळ जाणं भाग होतं. त्यानं घोडा ज्वारीत घातला.

रखमाजीनं लगाम धरला. "पिकातनं नाही."

"अरे, गड जाईल."

"जाऊ दे. ज्वारी कणसात आलीय."

आणि त्यानं नायकाला घोड्यासकट कोंडवाड्यात घातलं. आत एक खोंड होता, तो जरा सरकला.

मग गनीम आले. बांधावरून, एकामागं एक, पानालाही धक्का न लावता. तीनशे जणांनी राम राम घातला. आधीचा धडा कुणी मागं घेतला नव्हता. रखमाजीनं तीनशे जणांना एकेक करून तीच चोरवाट सांगितली. कुणाला ताकाशिवाय सोडलं नाही.

गड गेला. निनाद टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. शर्वाणीताईंनी रखमाजीला खेळातून पुसून टाकायला हात उचलला.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुंद्रामावशी म्हणाल्या, "त्या गरिबाला कशाला काढता, ताई? त्यानं सांगितलं तेवढं केलं. कोंडायचा तर ह्या शिकवणाऱ्याला कोंडा."