भोपळ्याच्या फुलात अडकलेली परी

हिरव्यागार रानाच्या काठी एक इवलीशी शाळा होती आणि त्या शाळेत सगुणी नावाची गोंधळलेली मुलगी होती. तिची आई तापाने अंथरुणाला खिळलेली. घरची चूल पेटायची ती नावापुरती. शाळेत दुपारी भाताबरोबर भोपळ्याची भाजी मिळे. सगुणी कोरडा भात खाई आणि भाजी पानात बांधून आईला नेई.

गोंधळ होता तो नव्या बाईंमुळे. आधीचे गुरुजी उत्तरं सांगत, मुलं घोकत आणि सगळ्यांना सुखाची झोप लागे. गुरुजींना तर वर्गातच. सिंधूबाईंनी मात्र प्रत्येकाला एकेक वाफा दिला, खुरपं दिलं आणि काहीही विचारलं की त्या हसून म्हणत, "तुला काय वाटतं?"

"मला ठाऊक असतं तर शाळेत कशाला आले असते?" सगुणी पुटपुटे.

त्या वर्षी वेलांवर सोनेरी फुलंच फुलं आली, पण भोपळा एकही धरेना. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून गावकऱ्यांनी शाळेच्या उंबरावरच्या मधमाश्या धूर करून हाकलल्या होत्या. साहेब काही आले नाहीत. माश्या मात्र गेल्या. आता साठवणीतले भोपळेही संपले. आईला काय न्यायचं?

सगुणी वाफ्यापाशी डोळे पुसत बसली होती, तेवढ्यात एका मिटलेल्या फुलातून कुणीतरी मुसमुसलं. फूल फाडलं तर एक भोपळा कमी होणार, हे तिच्या मनात आलंच. पण रडणं ऐकवेना. तिने अलगद पाकळी फाडली. आतून दवासारख्या पंखांची, नखाएवढी परी धडपडत बाहेर आली, नखशिखान्त पिवळ्या धुळीने माखलेली.

"जरा डोळा लागला, तर दारच बंद!" परी म्हणाली. "माग एक वर. पण नियम आहे हं. मुलांना जे जमतं, ते मला करता येत नाही."

"आमच्या वेलांना भोपळे लागू देत."

"ते तुमच्या हातांना जमतं. नामंजूर."

"कसं ते सांग तरी!"

"ते तुझ्या डोळ्यांना जमतं. नामंजूर."

"मग तुझा उपयोग काय गं?"

"आमच्या राणीलाही हाच प्रश्न पडतो," परी खिन्नपणे म्हणाली आणि पंखांवरची धूळ झटकू लागली.

सगुणी त्या धुळीकडे बघत राहिली. मग ती फुलामागून फूल न्याहाळू लागली. काही फुलांत पिवळी धूळ होती. काहींत नव्हती, पण त्यांच्या बुडाशी चिमुकला हिरवा भोपळा होता. माश्या पायांना धूळ लावून इकडून तिकडे नेत असणार. पण आपले पाय तर केवढाले! बराच वेळ विचार केल्यावर तिला बोट सुचलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने एका फुलातली धूळ बोटाने बुडाशी भोपळा असलेल्या एका फुलाला लावली. थोड्या दिवसांत बाकीचे चिमुकले भोपळे पिवळे पडून गळाले; धूळ लावलेला तो एक टम्म फुगला. सिंधूबाईंनी तो पाहिला. दुसऱ्या सकाळी त्या पदर खोचून सगळ्या मुलांना सगुणीचं बघून शिकायला वाफ्यांवर घेऊन आल्या.

पण वेल आता थकले होते. फुलं शेवटचीच. त्या सकाळी सगुणीने आपला वाफा पुरा केला, तोवर ऊन चढलं. इतर मुलांच्या वेलांवरची फुलं मिटू लागली. भिवा रडकुंडीला आला. "सगुणे, माझी सगळी राहिली की गं!"

वर द्यायचा राहिला म्हणून परी अजून वेलावरच मुक्कामाला होती. "परी!" सगुणी ओरडली. "फुलं घटकाभर मिटू देऊ नकोस. ऊन थोपवणं काही आमच्या हातांना जमत नाही."

"आणि स्वतःसाठी?"

"माझ्या वेलाचं झालंय."

"मंजूर!" परी आनंदाने किणकिणली, तिला हा शब्द क्वचितच म्हणायला मिळे. तिने पंख पसरले. मळाभर केशरी, गुलाबी, चंदेरी पहाट पुन्हा पसरली. मिटलेल्या पाकळ्या उमलल्या. पिवळ्या बोटांची मुलं वेलावेलांतून धावत सुटली. शेवटच्या फुलाला बोट लागलं तेव्हा परी लखलखली आणि त्या उजेडातच विरून गेली.

पुढे इतके भोपळे लागले की मुलं भोपळ्याचं नाव काढलं तरी पळू लागली. सगुणीने एक घरी नेला, शिजवला आणि पानात वाढला.

"कुणी दिला गं एवढा?" आईने विचारलं.

परीने म्हणावं, तर ती नामंजूर म्हणाली होती. बोटाने म्हणावं, तर ऊन कुणी थोपवलं? सगुणी पुरती गोंधळली.

"बरं, राहू दे," आई उठून बसत म्हणाली. "आणखी वाढ. भूक लागलीय."